चाचणीची लायब्ररी

१२ मार्च

तुला,

फोन तू उचलत नाहीस, ईमेल उघडत नाहीस, म्हणून कागद. तोही तुझ्या घरच्या पत्त्यावर, मुद्दाम. तिथे तुझ्याबरोबर राहते तिला आपली लिपी वाचता येत नाही हे मला माहीत आहे. वाचता येऊच नये. तिनं पाकीट हातात धरून विचारावं, 'कुणाचं?' आणि तुला काहीतरी जुळवून सांगावं लागावं, एवढीच माझी अपेक्षा आहे.

तू म्हणालास तसं केलंय. बाबांना काहीही सांगितलेलं नाही. 'त्यांना सहन होणार नाही, त्यांचं वय बघ,' हे तुझे शब्द. पाच वर्षं 'कागदपत्रं होतायत, पुढच्या वर्षी नक्की नेतो' हे ऐकत बसलेल्या बायकोला एका फोनमध्ये मोकळं करायचं आणि त्याच फोनमध्ये आपल्या बापाला जपायला सांगायचं, याला छाती लागते. ती तुला आहे, हे मला लग्नात दिसलं नव्हतं.

रोज जेवताना बाबा विचारतात, 'फोन आला होता त्याचा?'

'आला होता.'

'काय म्हणाला?'

मग मी तुझ्या तोंडी काहीबाही घालते. गेल्या आठवड्यात तुला सर्दी झाली. कालपासून खोकलाही दिलाय.

पत्राचं कारण मात्र वेगळं आहे. ऑफिसात तू सोडून गेलास तसंच आहे सगळं. काचेच्या थंड खोलीत कंपनीच्या मुख्य कॉम्प्युटरचं ते काळं कपाट, बाहेर हिरव्या अक्षरांचे पडदे, आणि गोदामातून कुठल्या दुकानदाराला ट्रकचा, ट्रॅक्टरचा कोणता सुटा भाग जायचा हे ठरवणारे, बाबांनी हयात घालून लिहिलेले प्रोग्राम. निवृत्त झाले तरी 'सल्लागार' म्हणून ते रोज येतात. मी घरी त्यांना बाबा म्हणते आणि ऑफिसात सर. दारातून आत शिरताना जीभ आपोआप बदलते.

मंगळवारी सरांनी ऑर्डरी ट्रकवर चढवायचा प्रोग्राम सुरू केला. प्रिंटर अडकला. त्यांना वाटलं काम झालंच नाही, म्हणून पुन्हा चालवला. मग पुन्हा. एका लहानशा गावातल्या दुकानदाराच्या दारात सायलेन्सरचे तीन ट्रक जाऊन उभे राहिले. तो फोनवर चिडलासुद्धा नाही. 'बाई,' म्हणाला, 'आमच्या गावात तेवढी वाहनंच नाहीत हो.'

घरी येताना बाबांनी विचारलं, 'मीच चालवलं का गं ते तीनदा?'

'छे, प्रिंटरची चूक,' मी म्हटलं.

लगेच त्यांचा चेहरा मोकळा झाला. इतका पटकन झाला की मी बघतच राहिले. मशीनच्या बाबतीत ज्या माणसापुढे कधी कुणाचं चाललं नाही, तो आता स्वतःबद्दल मी सांगेन ते खरं धरतो. हे आधी माझ्या लक्षात आलं नव्हतं. आलं, एवढंच कळवायचं होतं.


२ एप्रिल

तुला,

तीन ट्रकांची भानगड संचालकांपर्यंत गेली. त्यांनी मला बोलावलं. 'सरांना आता सन्मानानं घरी बसवू या,' म्हणाले. 'छोटा समारंभ करू, चार शब्द बोलू. तुम्ही सून आहात, तुम्ही सांगितलंत तर त्यांना लागणार नाही.'

बाबांनी नक्की ऐकलं असतं. दोन दिवस गप्प बसले असते आणि तिसऱ्या दिवशी पंखे पुसायला काढले असते. पण मी म्हटलं, 'घरी बसले तर खचतील ते, साहेब. माझ्यावर सोपवा.'

साहेबांचे डोळे पाणावले. कंपनीत असा प्रसंग क्वचित.

चाचणीची लायब्ररी तुला आठवत असेल. खऱ्या फायलींची हुबेहूब नक्कल, नवा प्रोग्राम आधी तिच्यावर चालवून बघायचा, म्हणजे चुकला तरी खऱ्या मालाला धक्का लागत नाही. मी अख्ख्या गोदामाची तशी नक्कल केली आणि बाबांचं खातं तिला जोडून दिलं. खऱ्या फायलींवरचे त्यांचे सगळे अधिकार काढून घेतले. आता सकाळी ते लॉगिन करतात तेव्हा पडदा तोच असतो, मेनू तोच, दुकानदार तेच. ते ऑर्डरी घेतात, साठा वजा करतात, ट्रक भरतात. ट्रक कुठे जात नाही. त्यांचा छापील कागद माझ्या टेबलामागच्या प्रिंटरवर येतो. मी तो फाडते आणि टोपलीत टाकते. दुपारी ते विचारतात, 'गेले का सगळे वेळेवर?' मी म्हणते, 'गेले, सर.'

मशीनचं सर्वांत मोठं खातं, ज्याला कुठलंच दार बंद नसतं, ते इतकी वर्षं त्यांच्याकडे होतं. पासवर्ड त्यांनी मला आपणहून सांगितला. तुझं नाव होतं, उलटीकडून लिहिलेलं. मी बदलला.

ऑफिसात माझी वाहवा चालली आहे. टेपा बदलणारी आपली ऑपरेटर, जिला सगळे टेपमावशी म्हणतात, ती तर भेटेल त्याला सांगत सुटली आहे. 'सून असावी तर अशी. पोटच्या पोरानं नसतं केलं एवढं.'

'हो,' मी म्हटलं. 'पोटच्या पोरानं नाहीच केलं.'

आता विभाग माझ्याकडे आहे. पेढ्या-बर्फीची गरज नाही, अभिनंदनाचीही नाही. तुझे वडील कुठे बसलेत हे तुला माहीत असावं, म्हणून लिहिलं.


२० मे

तुला,

तुझं उत्तर पोचलं. एक ओळ. 'हा काय तमाशा मांडलायस, त्यांना घरी बसव आणि सरळ सांगून टाक.'

सरळ. हा शब्द तुझ्या हातून लिहिला गेला आणि पेन मोडलं नाही, म्हणजे पेन चांगल्या कंपनीचं असणार.

तर ऐक, तुझ्या ओळीनं काय केलं ते.

तोवर मी बाबांना फक्त खोटं काम देत होते. पण खोट्या गोदामात काही बिघडत नाही, आणि काही बिघडलं नाही तर त्यांना करमत नाही. म्हणून एप्रिलमध्ये मी नकलेत एक दोष घातला होता, दुकानदाराला द्यायची सूट दोनदा वजा व्हायची. बाबा त्यात चार दिवस बुडाले होते. सापडला तेव्हा जेवताना त्यांनी दुसऱ्यांदा वाढून घेतलं आणि मला ती ओळ कशी पकडली ते सांगत बसले. खरं सांगते, मलाही बरं वाटलं होतं.

मग तुझं पत्र आलं. दुसऱ्या दिवशी सकाळी मी त्यांच्या आधी ऑफिसात गेले आणि त्यांनी दुरुस्त केलेला प्रोग्राम काढून त्याच्या जागी जुना, दोषासकट परत ठेवला.

अकराच्या सुमाराला ते माझ्या टेबलाशी आले. 'ते सूट द्यायचं मी दुरुस्त केलं होतं ना?'

'कोणतं, सर?'

'दोनदा वजा होत होतं ते. तुला सांगितलं नाही का मी?'

'नाही. तुम्ही साठ्याचं काहीतरी बघत होतात.'

 ते म्हणाले, 'असेल,' आणि जाऊन बसले. त्यांनी ती ओळ पुन्हा शोधली, पुन्हा दुरुस्त केली. सकाळी मी पुन्हा जुनी ठेवली.

त्यानंतर त्यांनी मला विचारलं नाही. चूक दिसली की गुपचूप दुरुस्त करायचे आणि इकडेतिकडे बघायचे, कुणी पाहिलं तर नाही ना. एकदा त्यांनी टेपमावशीला हळूच विचारलेलं मी ऐकलं, 'काल मी आलो होतो ना कामाला?' तिला वाटलं सर थट्टा करतायत. ती हसली. तेही हसले.

घरी आता ते गॅस बंद केल्यावर दोनदा जाऊन बघतात. जेवण झाल्यावर ताट उचलताना विचारतात, 'माझं झालं ना जेवून?' हे मी केलेलं नाही. हे त्यांचे तेच करायला लागलेत.

तू विचारशील, बाबांनी तुझं काय वाकडं केलं? काही नाही. कधी आवाज चढवला नाही, लग्न होऊन आले तेव्हा मला मशीन शिकवलं, हातचं काही राखलं नाही. पण तुझं मी काही वाकडं करू शकत नाही, तू लांब आहेस. ते जवळ आहेत.


१८ जून

तुला,

बाबाच म्हणाले, 'मला डॉक्टरकडे ने. माझ्या डोक्याचं काही खरं नाही.'

नेलं. मेंदूची डॉक्टर, तुझ्या-माझ्या वयाची. तिनं त्यांना चित्रं दाखवली, आकडे उलटे म्हणायला लावले, घड्याळ काढायला लावलं, एक गोष्ट सांगून थोड्या वेळानं परत विचारली. मग त्यांना बाहेर बसवून मला आत बोलावलं.

'तुम्ही कशासाठी आणलंत यांना?' ती म्हणाली. 'या वयात इतकी लख्ख स्मरणशक्ती मी फार कमी पाहिली आहे. एखादं काम दोनदा होणं, किल्ली विसरणं, हे आपलंही होतं. मात्र ते घाबरलेत फार. घरात काही झालंय का?'

'मुलगा लांब असतो,' मी म्हटलं.

तिनं समजल्यासारखी मान हलवली आणि ताकदीच्या गोळ्या लिहून दिल्या.

बाहेर बाबा बाकाच्या अगदी कडेला बसले होते. 'काय म्हणाली?'

'गोळ्या दिल्यात.'

यात एक अक्षर खोटं नाही. त्यांनी बाकीचं स्वतःचं स्वतः भरून घेतलं.  परतताना चौकात सिग्नलला थांबलो तेव्हा दुकानांच्या पाट्या वाचत होते, ओठ हलवत.

घरी आल्यावर त्यांनी चहा केला, दोघांपुरता, आणि म्हणाले, 'बस. विसरायच्या आत तुला एक सांगून टाकतो.'

 मला वाटलं त्यांनी पकडलं. नकलेतला एखादा ट्रक, एखादी तारीख, काहीतरी राहून गेलं माझ्याकडून. मनात मी उत्तरसुद्धा तयार केलं.

'तो तुला नेणार नाही,' बाबा म्हणाले.

मी खुर्ची ओढून बसले.

'मी चार वर्षांपूर्वी महिनाभर जाऊन आलो ना त्याच्याकडे, तेव्हाच पाहिलं. दार एका बाईनं उघडलं. चपला काढायला खाली वाकलो तर तिथे एवढेसे बूट होते, बाळाचे. रात्रभर मी त्याच्याशी बोललो नाही. मग तो म्हणाला, बाबा, घरी तिला कळू देऊ नका. ती गेली तर तुमच्याकडे कोण बघेल?'

'आणि तुम्ही?'

'मी गप्प बसलो. मला एकटं राहायची भीती वाटायची. आणि मशीन तुझ्याशिवाय कुणाच्या हातात द्यायचं, हेही होतं. स्वार्थच सगळा.' त्यांनी कप बशीत नीट मधोमध ठेवला. 'त्यानं पाठवलीय म्हणून तुला दिलेली ती पर्स त्यानं नव्हती दिली गं. विमानतळावर मी घेतली. रिकाम्या हातानं कसा येणार होतो?'

ती पर्स माझ्या समोरच खुर्चीला लटकत होती. चार वर्षं खांद्यावर वागवली मी ती. चेन बिघडली तेव्हा बदलून घेतली, टाकली नाही.

'मग रोज कशाला विचारायचात, फोन आला होता का म्हणून?'

'तुला संशय येऊ नये म्हणून,' ते म्हणाले. 'पण तू त्याचा खोकला सांगायला लागलीस तेव्हा मला कळलं, की तुलाही कळलंय. तो आजारपण कधी सांगत नाही कुणाला. लहानपणापासून. तरी मी विचारत राहिलो. थांबवायचं कसं ते सुचेना.'

म्हणजे एका टेबलावर समोरासमोर बसून आम्ही दोघं तुझ्या नसलेल्या खोकल्याची काळजी करत होतो, आणि दोघांनाही माहीत होतं. नाटक कंपनी काढली असती तर बरं चाललं असतं.

पण मला झोंबलं ते वेगळंच. त्यांनी पाहिलंय, हे तुला माहीत होतं. चार वर्षं माहीत होतं. तरी त्या शेवटच्या फोनवर मला म्हणालास, 'त्यांना सांगू नको, त्यांना सहन होणार नाही.' त्यांना माझा धाक घातलास आणि मला त्यांचा. आम्हा दोघांना एकमेकांच्या गळ्यात बांधून तू मोकळा झालास, आणि आम्ही दोघंही आपण दुसऱ्यावर उपकार करतोय असं समजत बसलो.

बाबांनी माझे दोन्ही हात धरले. 'मला माफ कर म्हणायलासुद्धा तोंड नाही. पण पुढे मला काही आठवणार नाही, म्हणून आजच म्हणतो.'

त्याच वेळी मी सांगू शकले असते. बाबा, तुमच्या डोक्याला काही झालेलं नाही, ते मी केलंय. जिभेवर आलं होतं. हात त्यांचे थंड होते, आणि ते रडत होते, आवाज न करता.

मी हात सोडवून घेतले. 'गोळी घ्यायची राहिली तुमची,' म्हटलं, आणि पाणी आणायला उठले.


५ जुलै

तुला,

आता तू रोज फोन करतोस. मी उचलत नाही. बाबांचा फोनही माझ्याकडे आहे. 'कुठेतरी विसराल,' म्हटल्यावर त्यांनी आपणहून काढून दिला.

हे पत्र कुरिअरनं पाठवतेय; ते पोचेल त्याच्या आसपासच बाबा पोचतील, एखादा दिवस मागेपुढे. त्यांच्या पासपोर्टवर तुझ्याकडे यायची परवानगी अजून शिल्लक आहे. माझ्या पासपोर्टवर ती कधी लागलीच नाही, लागायची होतीही कुठे. विमान कंपनीला सांगून ठेवलंय, वृद्ध आहेत, हात धरून न्या. तुझा पत्ता त्यांच्या गळ्यातल्या पाकिटात घातलाय. 'हरवलो तर?' म्हणत होते, म्हणून.

मी ऑफिसजवळ खोली घेतली आहे. घराला कुलूप लावलंय, किल्ली त्यांच्या सामानात सापडेल.

शेवटच्या दिवशी ऑफिसात समारंभ झाला. संचालकांना करायचा होता तो, चार शब्दांचा. टेपमावशी रडली. बाबांनी भाषण नाकारलं आणि 'आजचं काम आटोपतो' म्हणून पडद्यासमोर जाऊन बसले. ऑर्डरी चढवल्या, ट्रक भरले, दिवस बंद केला. उठताना पडद्यावरची धूळ रुमालानं पुसली. मला म्हणाले, 'उद्यापासून हे कोण बघेल?'

'मी बघीन, सर.'

'सूट द्यायच्या प्रोग्रामवर लक्ष ठेव. त्यात काहीतरी आहे. मी किती वेळा दुरुस्त केला, का एकदाही नाही, मला आता सांगता येत नाही.'

ते लिफ्टनं खाली उतरले तेव्हा मी ती अख्खी लायब्ररी पुसली. मशीननं एकदा विचारलं, नक्की का? मी हो दाबलं. त्यांची एप्रिलपासूनची सगळी मेहनत काही क्षणांत गेली. गोदामात त्या वेळी खरे ट्रक भरत होते, त्यांचा आवाज वर ऐकू येत होता.

विमानतळावर रांगेत उभे असताना ते काहीतरी पुटपुटत होते. मला वाटलं घाबरलेत. जवळ गेले तर दिवसअखेरची कामं म्हणत होते, एकामागून एक. नव्या ऑर्डरी बंद करायच्या, साठा जुळवायचा, ट्रकांची यादी छापायची, मग सगळ्यांना बाहेर काढून टेपवर प्रत घ्यायची, प्रत वाचून बघायची, आणि मगच मशीन लोकांना उघडून द्यायचं. माझ्याकडे वळून म्हणाले, 'बघ बरं, बरोबर आहे का. एवढं आठवतंय म्हणजे अजून थोडे दिवस आहेत माझ्याकडे.'

सगळं बरोबर होतं. क्रम, शब्द, सगळं. मला त्यांनी पहिल्या वर्षी शिकवलं होतं अगदी तसंच.

मी म्हटलं, 'एक राहिलं, बाबा.'

'कोणतं?'

'आठवेल.'

मग त्यांचा हात धरायला विमान कंपनीची मुलगी आली आणि त्यांना आत घेऊन गेली. त्यांनी मागे वळून पाहिलं नाही. रागानं नाही. बोटांवर मोजत होते, पहिल्यापासून.

तुझ्या दारात उतरल्यावर ते तुला पहिलं तेच विचारतील, काय राहिलं? काहीही राहिलेलं नाही. हे तू त्यांना सांगू शकतोस. डॉक्टर काय म्हणाली तेही सांगू शकतोस, मागच्या पत्रात लिहिलंय सगळं. त्यांना इतका आनंद होईल की तुला कवटाळतील. मग जरा वेळानं ते विचारतील, 'मग ती असं का वागली माझ्याशी?'

तिथून पुढचं तू सांग.